नागपूरकरांचे नवे मोकळे आवार

शहर वाढले की आधी आक्रसतात त्या बागा. नागपूरकर म्हणूनच सुट्टीच्या दिवशी वैनगंगेकडे वळतात. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ या नदीवर गोसीखुर्द धरण आहे. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. पावसाळ्यात 33 दरवाज्यांतून फेसाळणारे पाणी पाहायला गर्दी लोटते.

जलाशयाच्या वरच्या अंगाला आंभोरा. इथे पाच नद्या भेटतात. आता नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांना जोडणारा केबलचा पूल झाला आहे. त्याच्या उंच मनोऱ्यातल्या काचेच्या गॅलरीतून संगम पायाखाली पसरलेला दिसतो. पलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे जंगल आहे.

पण या पर्यटनाची खरी अडचण पाण्यातच आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून थेट या जलाशयात येते. पाणी काळपट पडते, जलपर्णी माजते, मासेमार ढिवरांची जाळी त्यात अडकतात. बोटी आणि बगिचे वाढवण्याआधी सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च शहराने उचलायला हवा.

आणि नव्या पर्यटनातला रोजगार? तो धरणात घरे-शेते गेलेल्या गावांतल्या पोरांना आधी मिळावा.