आकाश आणि आरोग्य : खासगी वैमानिकांच्या वैद्यकीय अपात्रतेचा प्रश्न

विमान चालविण्याचा अधिकार कौशल्य आणि आरोग्य अशा दोन आधारांवर उभा असतो. कौशल्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवाना मिळतो. आरोग्य मात्र ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपली आणि नवे मिळाले नाही, तर शेकडो तासांचा अनुभव असलेल्या वैमानिकालाही विमानाचे सारथ्य करता येत नाही.

व्यावसायिक वैमानिकाच्या बाबतीत हा प्रश्न उपजीविकेचा असतो. खासगी वैमानिक वेतनासाठी उड्डाण करीत नाही. छंद म्हणून, कुटुंबासमवेत प्रवासासाठी किंवा स्वतःच्या कामासाठी तो लहान विमान चालवितो. त्यामुळे त्याची अपात्रता ही किरकोळ बाब आहे, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ज्याने आयुष्याची अनेक वर्षे या विद्येला दिली, त्याच्यासाठी तो मोठा आघात असतो. या आघाताच्या भीतीने आजार लपविला गेला, तर प्रश्न वैयक्तिक न राहता सार्वजनिक सुरक्षिततेचा होतो. म्हणूनच वैद्यकीय निकष किती कठोर असावेत याबरोबरच अपात्र ठरलेल्याला परतीची वाट कशी ठेवावी, याचाही विचार आवश्यक ठरतो.

आंतरराष्ट्रीय चौकट

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्यातून स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे मुख्यालय माँट्रियल येथे आहे. कराराच्या परिशिष्ट १ मध्ये परवान्यांचे निकष दिलेले असून, वैद्यकीय तपासणीचे तीन वर्ग केले आहेत. व्यावसायिक वैमानिकांसाठी पहिला, खासगी वैमानिकांसाठी दुसरा आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी तिसरा वर्ग लागू होतो.

दुसऱ्या वर्गाचे निकष पहिल्यापेक्षा काहीसे सौम्य आहेत. उदाहरणार्थ, पहिल्या वर्गासाठी प्रत्येक डोळ्याची दृष्टी, चष्म्यासह अथवा चष्म्याविना, किमान ६/९ असावी लागते. दुसऱ्या वर्गासाठी ती ६/१२ चालते. खासगी वैमानिकाच्या तपासणीची मुदत सर्वसाधारणपणे ६० महिने असते. चाळिशीनंतर ती २४ महिन्यांवर येते आणि पन्नाशीनंतर ती १२ महिने असावी, अशी शिफारस आहे. खासगी वैमानिकाला आंतरराष्ट्रीय निकषांनुसार वयाची कमाल मर्यादा नाही. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ मधील आपल्या कराची–मुंबई उड्डाणाची पुनरावृत्ती १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी केली, हे येथे स्मरणीय आहे.

परिशिष्टातील दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिलीनुसार, आपल्या प्रकृतीत सुरक्षित उड्डाणास बाधक असा बिघाड झाल्याचे जाणवताच, हाती वैध प्रमाणपत्र असले तरी, वैमानिकाने उड्डाण करू नये. म्हणजेच दोन तपासण्यांच्या मधल्या काळात वैमानिक हाच स्वतःचा परीक्षक असतो. दुसरीनुसार, एखादा उमेदवार निकषात बसत नसला, तरी त्याच्यामुळे सुरक्षिततेला बाध येणार नाही असा तज्ज्ञांचा निष्कर्ष असेल आणि त्याची क्षमता व अनुभव विचारात घेतला गेला असेल, तर त्याला परवाना देता येतो. पहिली तरतूद प्रामाणिकपणाची अपेक्षा करते, तर दुसरी त्या प्रामाणिकपणाला आश्वासन देते.

धोका कसा मोजतात?

कोणताही मनुष्य पूर्णपणे धोकामुक्त नसतो. त्यामुळे किती धोका स्वीकारार्ह मानावा, हा खरा प्रश्न आहे. यासाठी विमानवैद्यकशास्त्रात ‘एक टक्क्याचा नियम’ प्रसिद्ध आहे. एका वर्षात वैमानिक अचानक अक्षम होण्याची शक्यता एक टक्क्यापेक्षा अधिक नसावी, असा त्याचा आशय आहे. वर्षाचे तास ८,७६० असल्याने ही शक्यता दर तासाला साधारणतः दहा लाखांत एक इतकी येते.

हा नियम मुख्यतः दोन वैमानिक असलेल्या प्रवासी विमानांच्या संदर्भात मांडला गेला. लहान खासगी विमानात दुसरा वैमानिक बहुधा नसतो. पण प्रवासीही मोजकेच असतात. म्हणून एकच निकष सरसकट लावण्याऐवजी विमानाचा आकार, प्रवाशांची संख्या आणि उड्डाणाचे स्वरूप पाहून धोक्याची मर्यादा ठरविण्याकडे अनेक देशांचा कल आहे.

अपात्रतेचे स्वरूप

वैद्यकीय अपात्रता एकाच प्रकारची नसते. वाढलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा औषधात झालेला बदल यांमुळे येणारी अपात्रता तात्पुरती असू शकते. एखादा अवयव गमावणे किंवा रंगदृष्टीतील दोष ही स्थिर स्वरूपाची उणीव होय. ती बरी होत नाही, पण सहसा बळावतही नाही. अपस्मार, हृदयविकार किंवा गंभीर मनोविकार यांत मात्र अचानक अक्षमतेचा अथवा निर्णयक्षमता बिघडण्याचा धोका असतो आणि त्याचे मूल्यमापन दीर्घकाळ करावे लागते.

स्थिर उणिवेच्या बाबतीत शरीरापेक्षा प्रत्यक्ष कामगिरी पाहणे अधिक न्याय्य ठरते. अमेरिकेचे विली पोस्ट यांनी १९२६ मध्ये तेलक्षेत्रावरील अपघातात डावा डोळा गमावला. १९३३ मध्ये त्यांनीच विमानातून पृथ्वीला पहिली एकट्याची प्रदक्षिणा घातली. ब्रिटनचे डग्लस बेडर यांचे दोन्ही पाय १९३१ च्या अपघातानंतर कापावे लागले. १९३३ मध्ये ते वायुदलातून निवृत्त केले गेले. परंतु १९३९ मध्ये उड्डाणचाचणी देऊन ते परतले. अमेरिकेत आजही अशा उमेदवारांना उड्डाणात क्षमता दाखवून तसे विशेष पत्र मिळविता येते.

लपविण्याचा मोह

अपात्रतेपेक्षा तिची भीती अधिक घातक ठरते, हे दाखविणारा एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६४ मध्ये परवाना मिळविलेल्या एका खासगी वैमानिकाला १९८५ मध्ये एचआयव्हीचा संसर्ग असल्याचे निदान झाले. त्या काळी अशा व्यक्तीला वैद्यकीय प्रमाणपत्र मिळत नसे. त्याने प्रथम स्वतःहून उड्डाण थांबविले. मात्र १९९४ मध्ये आजार न सांगता त्याने प्रमाणपत्र मिळविले आणि पुढे अनेक वेळा त्याचे नूतनीकरण केले. दरम्यान, १९९५ मध्ये प्रकृती ढासळल्यावर त्याने सामाजिक सुरक्षा विभागाकडून अपंगत्वाचा लाभ घेतला होता.

पुढे विमान वाहतूक आणि सामाजिक सुरक्षा या दोन विभागांनी आपल्याकडील नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा ही विसंगती उघड झाली. त्याचा परवाना रद्द झाला. गुन्हा कबूल केल्यावर दोन वर्षांची परिवीक्षा आणि १,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. आपली वैद्यकीय माहिती विभागांनी परस्परांना दिल्याने झालेल्या मानसिक त्रासाबद्दल त्याने १९७४ च्या गोपनीयता कायद्यान्वये भरपाई मागितली. २८ मार्च २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ अशा बहुमताने, केवळ मानसिक त्रासासाठी या कायद्यात भरपाईची तरतूद नसल्याचा निर्णय दिला.

या प्रकरणातील सर्वांत बोलका तपशील निकालपत्राच्या तळटीपेत आहे. या वैमानिकाने नंतर पुन्हा अर्ज केला. संसर्ग आणि उपचार यांची पूर्ण माहिती तपासून विभागाने त्याला परवाना व वैद्यकीय प्रमाणपत्र दोन्ही परत दिले. म्हणजे शिक्षा झाली ती आजाराला नव्हे, असत्याला. तथापि, १९८५ मध्ये खरे सांगणाऱ्यासाठी अशी वाट उपलब्ध नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

ही मानसिकता अपवादात्मक नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात सहभागी अमेरिकी वैमानिकांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी, प्रमाणपत्र गमावण्याच्या भीतीने कधी ना कधी वैद्यकीय मदत टाळल्याचे मान्य केले. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने फ्रान्समधील आल्प्स पर्वतात हेतुपुरस्सर आदळविले आणि १५० जणांचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरविल्याचे त्याने कंपनीपासून लपविले होते. हे प्रकरण व्यावसायिक विमानसेवेतील असले, तरी लपविलेल्या आजाराची किंमत किती मोठी असू शकते, हे त्यातून दिसते.

परतीच्या वाटा आणि नियमांतील विसंगती

अमेरिकेत वैद्यकीय परीक्षकापुढे तीन पर्याय असतात : प्रमाणपत्र देणे, नाकारणे किंवा प्रकरण वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविणे. नकार मिळाल्यास ३० दिवसांत फेरविचाराची मागणी करता येते. हृदयविकारासारख्या आजारातही, उपचारांचे अहवाल समाधानकारक असल्यास, मर्यादित मुदतीचे विशेष प्रमाणपत्र मिळू शकते. वैद्यकशास्त्र पुढे गेले तसे नियमही बदलले. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही खासगी वैमानिकांना १९९६ पासून प्रकरणपरत्वे परवानगी मिळू लागली. नैराश्यावरील चार औषधे घेणाऱ्यांसाठी २०१० मध्ये सशर्त मार्ग खुला झाला. त्या वेळी पूर्वी आजार लपविलेल्यांना सहा महिन्यांत माहिती दिल्यास प्रशासकीय कारवाई होणार नाही, अशी सवलतही देण्यात आली. शासनाने येथे भीती कमी करून सत्य मिळविण्याचा मार्ग निवडला.

सर्वच सुधारणा इतक्या सुसंगत नव्हत्या. २००४ मध्ये हलक्या क्रीडाविमानांसाठी मोटार चालविण्याचा परवाना हाच आरोग्याचा पुरावा मानण्यात आला. मात्र ज्याचा शेवटचा वैद्यकीय अर्ज नाकारला गेला होता, त्याला ही सोय नव्हती. परिणामी दोन समान रुग्णांपैकी तपासणीला न जाता मुदत संपू देणारा उडू शकत होता आणि प्रामाणिकपणे तपासणीला सामोरा जाणारा जमिनीवर राहत होता. तपासणी टाळण्यालाच बक्षीस देणारी ही रचना धोरणाच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१ मे २०१७ पासून ‘बेसिकमेड’ ही पर्यायी पद्धत अमलात आली. १४ जुलै २००६ नंतर एकदा तरी रीतसर प्रमाणपत्र मिळालेल्या वैमानिकाला दर ४८ महिन्यांनी कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून तपासणी आणि दर २४ महिन्यांनी आरोग्यविषयक अभ्यासक्रम पूर्ण करून लहान विमान चालविता येते. गंभीर हृदयविकार, मज्जाविकार किंवा मनोविकार असल्यास मात्र एकदा विशेष प्रमाणपत्र घ्यावेच लागते. या पद्धतीने उडणाऱ्यांच्या आणि नेहमीचे प्रमाणपत्र घेणाऱ्यांच्या अपघातांच्या धोक्यात लक्षणीय फरक आढळला नाही, असा अहवाल २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसला सादर झाला. त्यानंतर २०२४ च्या कायद्याने विमानाच्या आकाराची मर्यादा वाढविण्यात आली. अर्थात ही पद्धत आंतरराष्ट्रीय निकषांपासून वेगळी असल्याने परदेशात तिची मान्यता त्या त्या देशाच्या परवानगीवर अवलंबून असते.

भारतातील स्थिती

भारतात खासगी उड्डाणाची परंपरा जुनी आहे. मुंबईतील जुहू येथील बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ ची आहे. आज १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. वैद्यकीय मूल्यमापनाचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. खासगी परवान्यासाठी दुसऱ्या वर्गाची तपासणी महासंचालनालयाने मान्यता दिलेले डॉक्टर करतात. पहिल्या वर्गाच्या प्रारंभिक तपासणीची जबाबदारी दीर्घकाळ वायुदलाच्या केंद्रांनी वाहिली आहे. त्यांपैकी १९५७ मध्ये स्थापन झालेली बंगळूरू येथील संस्था आज ‘इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन’ या नावाने ओळखली जाते. गगनयान मोहिमेच्या अंतराळवीरांची निवडचाचणीही तेथेच झाली.

आपल्याकडील बहुसंख्य तरुण खासगी परवान्याकडे व्यावसायिक परवान्याची पायरी म्हणून पाहतात. त्यामुळे प्रशिक्षणावर लाखो रुपये खर्च करण्यापूर्वीच पहिल्या वर्गाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. तात्पुरते अपात्र ठरल्यास सांगितलेल्या मुदतीत उपचार, अहवाल आणि फेरतपासणी हा क्रम पाळावा. कायम अपात्रतेच्या निर्णयाविरुद्धही दाद मागता येते. पहिला वर्ग नाकारला गेला, तरी दुसऱ्या वर्गात खासगी उड्डाण शक्य असू शकते. कोणत्याही टप्प्यावर पूर्वीचा आजार किंवा नकार लपविणे मात्र सर्वांत महागात पडते.

वाट खरोखर बंद झाल्यावर

काहींच्या बाबतीत निर्णय अंतिम असतो आणि तो स्वीकारावा लागतो. अशा व्यक्तीला पात्र प्रशिक्षकासमवेत, विमानाची जबाबदारी त्याच्याकडे ठेवून, उड्डाणाचा आनंद घेता येतो. जमिनीवरील अध्यापन, विमानांची देखभाल, क्लबचे व्यवस्थापन अशा कामांत तिच्या अनुभवाची गरज असते. वेळेवर थांबण्याचा निर्णय हीदेखील वैमानिकाच्या कौशल्याची खूण आहे. कारण खराब हवामानात परत फिरण्याचे जे शिक्षण त्याला मिळालेले असते, तेच येथे स्वतःच्या शरीराला लागू होते.

समारोप

वैद्यकीय निकष सैल करणे हा या प्रश्नाचा उपाय नाही, तसेच ते केवळ कठोर करणे हाही नाही. ज्या व्यवस्थेत खरे सांगणाऱ्याला सर्वस्व गमवावे लागते, तेथे नोंदी स्वच्छ दिसतात आणि धोका मात्र आकाशात फिरत राहतो. निकष शास्त्रीय असावेत, निर्णय प्रकरणपरत्वे व्हावेत, फेरविचाराची मुदत निश्चित असावी आणि आजार स्वतःहून सांगणाऱ्याला संरक्षण मिळावे. असे झाले तर तपासणीच्या खोलीत शिरणारा वैमानिक डॉक्टरकडे शत्रू म्हणून पाहणार नाही. हवाई सुरक्षिततेचा पाया त्या खोलीतील विश्वासावरच रचला जातो.