चुरा लिया... पण उजव्या हातानं!

बेसाच्या कुठल्याही फ्लॅट स्कीमखाली शनिवारी रात्री जरा कान देऊन उभे राहा. एखाद्या मजल्यावरून गिटार ऐकू येतेच. टँग... टँग... मग एक मोठ्ठा पॉज... आणि पुन्हा टँग. हा पॉज कसला माहितेय? डावा हात पुढचा कॉर्ड शोधतोय आणि उजवा हात त्याची वाट बघत बसलाय!

मिहानमध्ये आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या पब्लिकची ही कॉमन स्टोरी. दिवाळीच्या बोनसमधून गिटार येते, संक्रांतीपर्यंत बोटांना घट्टे पडतात आणि होळीला ती कपाटावर चढते. कारण विचारा, एकच उत्तर. ‘कॉर्ड्स येतात यार, गाणं येत नाही.’ खरंय. कारण कॉर्ड्स डाव्या हातात असतात आणि गाणं असतं उजव्या हातात. शिकताना मात्र सगळं लक्ष डाव्या हाताकडे.

यावर एक भन्नाट उपाय आहे. एकच गाणं घ्या, आणि तेही क्लासिक. आमची शिफारस ‘चुरा लिया है तुमने जो दिल को’. 1973 चा ‘यादों की बारात’, आर. डी. बर्मनचं संगीत, आशा भोसले आणि रफींचा आवाज. सुरुवातीला तो काचेच्या ग्लासचा किणकिणाट आणि मागोमाग गिटार. पडद्यावर गिटार झीनत अमानच्या हातात दिसते, पण रेकॉर्डिंगमध्ये ती वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी. हो, तेच ‘दिल ढूंढता है’ आणि ‘नाम गुम जाएगा’वाले गझलगायक. ‘दम मारो दम’ची गिटारही त्यांचीच. 2022 मध्ये ते गेले तेव्हा गायकाबद्दल भरभरून लिहून आलं, गिटारिस्टबद्दल त्या मानानं कमी. आमच्या मते हा जरा अन्यायच. पन्नास वर्षं झाली, तरी कुठल्याही हॉस्टेलवर पहिल्या चार सेकंदांत हे गाणं ओळखलं जातं, आणि तेव्हा अजून कुणी गायलेलंही नसतं!

तर आधी डावा हात, चटकन उरकून टाकू. सोप्या पद्धतीनं वाजवायचं तर मुखड्याला ई मायनर, जी आणि डी या तिघांवर भागतं. ई मायनर धरताना तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. आता जी. तर्जनी हलवायचीच नाही! मधलं बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, अनामिका पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, बस्स. तिथून डी कडे जाताना अनामिका त्याच फ्रेटवर फक्त एक तार वर सरकते, पहिलीवरून दुसरीवर. तर्जनी तिसऱ्या तारेच्या आणि मधलं बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर जातं. म्हणजे प्रत्येक बदलात एक तरी बोट ओळखीच्या ठिकाणी असतं. बहुतेक जण दर वेळी पाचही बोटं हवेत उडवतात आणि पुन्हा लँडिंग करतात. मग पॉज येणार नाही तर काय?

आता खरी गंमत, उजवा हात.

क्लासमध्ये पहिल्या महिन्यात एक पॅटर्न हमखास शिकवतात. खाली, खाली-वर, वर-खाली-वर. वहीत बाण काढून देतात. बाण पाठ होतात, हात मात्र अडखळतो, कारण पॅटर्नमध्ये जे लिहिलेलं नाही तेच महत्त्वाचं आहे. हात सतत, घड्याळाच्या लंबकासारखा खाली-वर, खाली-वर चालूच राहतो. एका चक्रात आठ हालचाली, चार खाली आणि चार वर. त्यातल्या दोन वेळा तो तारांना न शिवता हवेतून जातो, दुसऱ्या हालचालीला आणि पाचव्या हालचालीला. बाकी सहा वेळा तारा वाजतात. थांबत तो कधीच नाही.

आठ हालचाली... काही आठवतंय? केरवा! धा गे ना ती, ना क धी ना. आठ मात्रा. आणि केरव्याची खाली कुठे येते? पाचव्या मात्रेवर. तबल्याचा डग्गा जिथे गप्प होतो, बरोबर तिथेच गिटारचा हात हवेतून जातो. कुणी ठरवून केलेलं नसेल, पण आपल्यासाठी ही लॉटरीच आहे. कारण केरवा तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. गणपतीत टाळ्या वाजवल्यात ना? घरातल्या भजनात हात मांडीवर आपोआप पडतो ना? आणि आपण तर विदर्भातले! तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या मुलखातले. गावाकडे गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला आजीच्या शेजारी बसलेल्या पोराला ‘फोर बाय फोर’ समजावून सांगावं लागत असेल, तर घोटाळा पोराचा नाही, समजावण्याचा आहे.

म्हणून एक आठवडा कॉर्ड बंद. डाव्या हाताचा पंजा तारांवर अलगद ठेवा, सूर निघू देऊ नका, फक्त ‘चक्-चक्’ येऊ द्या. तोंडानं केरव्याचे बोल म्हणत उजवा हात चालवा. मनगटातून हं, कोपरातून नाही. पिक इतकंच धरा की कुणी ओढलं तर निघून यावं. वर येताना सहाच्या सहा तारा खरवडू नका, शेवटच्या तीन बारीक तारांना स्पर्श झाला तरी पुरे. रूम पार्टनर झोपलाय? ब्रिजजवळ तारांखाली रुमाल घाला. आवाज खोलीबाहेर जात नाही आणि ठेका मात्र स्वच्छ कळतो.

दुसऱ्या आठवड्यात कॉर्ड परत आणा, पण एका नियमानं. उजवा हात कुणासाठीही थांबणार नाही. जी वेळेत लागला नाही? न लागू दे. मोकळ्या तारा वाजतील, थोडं विचित्र ऐकू येईल, पुढच्या समेला पकडा. ऐकणारा चुकलेला सूर माफ करतो हो, तुटलेला ठेका नाही. (ऑर्केस्ट्रात तबलजी आजारी पडला की कार्यक्रम कसा लंगडतो, ते लग्नात जेवणाऱ्या कुणालाही विचारा.) मोबाइलवर मेट्रोनोम लावा, साठपासून सुरू करा. सलग दोन मिनिटं न अडखळता जमलं की पाचनं वाढवा. डी वाजवताना मात्र चौथ्या तारेपासून खाली या, वरच्या दोन जाड तारा त्यात गढूळपणा आणतात.

मग येतो गाण्याचा प्रश्न. ई मायनर म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन. तुम्हाला किंवा ज्याच्यासाठी शिकताय त्या व्यक्तीला (आम्ही विचारणार नाही!) ही पट्टी खाली वाटली, तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. बोटं तीच, पट्टी झाली काळी तीन. आपली पट्टी ठाऊक नसेल तर कॉलनीतल्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकूंना गाठा. दोन ओळी गाऊन दाखवा, त्या पेटीवर बोट ठेवून लगेच सांगतील. यासाठी कुठलं ॲप नको.

एक नागपुरी सूचना राहिलीच. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना गिटार बंद गाडीत ठेवू नका, ब्रिजचा गोंद सुटू शकतो. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. म्हणून तिला डायरेक्ट कूलरसमोरही उभं करू नका. ओल्या हवेनं लाकूड फुगतं आणि तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या जातात. उन्हाळ्यात ती कव्हरमध्येच बरी, आणि वाजवण्याआधी दर वेळी ट्यून करायची.

मुखडा बसला की अंतऱ्याकडे वळा. तिथे ए मायनर आणि सी हाताशी असू द्या. ई मायनरच्या गाण्यांत बी देखील डोकावतो. बी म्हणजे बार कॉर्ड, एका बोटानं तारा आडव्या दाबायच्या. नवशिक्यांची गिटार कपाटावर चढते ती बहुतेक इथेच. त्यावर अडून बसू नका. तूर्तास बी सेव्हन धरा, चार बोटं लागतात पण आडवं दाबावं लागत नाही. बार कॉर्ड पावसाळ्यात बघू.