शरदांतील तळ आणि गळ

सहामाही परीक्षेचे पेपर संपण्याच्या आधींच दरवर्षीं एक प्रश्न वर्गावर्गांतून ऐकूं येऊं लागतो : सुटींत तंबू घेऊन कोठें जावयाचें? यंदां त्या प्रश्नाला आणखी एक शेपूट फुटलें आहे. जेथें तळ पडेल तेथें मासे गळाला लागले पाहिजेत, असा बऱ्याच विद्यार्थ्यांचा आग्रह आहे. आणि जागा कोणती म्हणाल, तर कुडपण! दोघांतिघां पालकांनींही याविषयीं चौकशी केली. म्हणून या गोष्टीचा थोडा सविस्तर विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

कुडपणविषयीं प्रथम सांगितलें पाहिजे. पोलादपूर तालुक्यांतील हें गांव सह्याद्रीच्या उंच खांद्यावर वसलेलें आहे. प्रतापगड त्याच डोंगरांतला शेजारी. शेलारमामा याच गांवचे, असें तेथील वृद्ध मंडळी अभिमानानें सांगतात. पावसाळा ओसरतां ओसरतां तेथील माळ सोनकीच्या पिवळ्या फुलांनीं भरून जातात, आणि भीमाची काठी या नांवाचा धबधबा खालच्या दरींत उतरतांना पाहिला म्हणजे डोळ्यांचें पारणें फिटतें. तळ ठोकण्यास जागा सुंदर, यांत संशय नाहीं. परंतु मासे? ज्या धबधब्यासाठीं आपण तेथें जाणार, तोच धबधबा मोठ्या माशांच्या वाटेंतील भिंत आहे. मासा खालून वर चढतो तो पाण्याच्या उताराउतारानें. सरळ कड्यावरून कोसळणाऱ्या धारेंतून वर जाण्याचें सामर्थ्य त्याच्यांत नसतें. शिवाय माथ्यावरचे ओहोळ पावसावर जगणारे. पाऊस गेला कीं थोड्याच दिवसांत त्यांची धार करंगळीएवढी होते. तेव्हां तेथें सांपडावयाचे ते दगडाला चिकटून राहणारे बोटभर मासे आणि खेकडे. खेकडेही वाईट नव्हेत. परंतु खेकड्यांसाठीं कोणी रिळाची काठी विकत घेत नाहीं, आणि एका विद्यार्थ्यानें ती घेतलीही आहे असें ऐकतों.

मग मासे कोठें? यासाठीं सावित्री नदी उगमापासून मुखापर्यंत डोळ्यांपुढें आणावी. ती महाबळेश्वरीं उगम पावते, डोंगर उतरून पोलादपुरास येते, तेथून महाडास जाते, आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्यें समुद्राला मिळते. वरच्या भागांत उतार मोठा, पाणी धांवतें, दगड उघडे, मासा लहान. मधल्या भागांत पाण्याचा वेग कमी होतो, मध्यें मध्यें खोल डोह लागतात, आणि खरा गळाचा आनंद येथें आहे. महाडच्या खालीं मात्र समुद्राची भरती चढते. पूर्वीं याच भरतीवर होड्या महाडच्या बंदराला लागत. या निमखाऱ्या पाण्यांत बोय, काळुंदर असे खाडीचे मासे मिळतात. रायगड जिल्ह्यांत ज्याचें नांव निघतांच जेवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतें तो जिताडाही खाडीचाच. परंतु तेथील कांठ चिखलाचे, आणि मुख्य गोष्ट ही कीं महाडजवळच्या सावित्रींत मगरींची वस्ती आहे. ज्या पाण्यांत मगर आहे त्या पाण्याच्या कांठीं मुलांचा तळ नको, हें सांगावयास पंडित लागत नाहीं.

आतां, शरदाच्या आरंभींच मासे चांगले कां लागतात? आमच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास वलगण ठाऊक आहे. पहिला जोराचा पाऊस पडला, कीं नदींतील मासे अंडीं घालण्यासाठीं ओढ्यांतून, पऱ्यांतून, भाताच्या खाचरांतसुद्धां चढतात, आणि लोक रात्रीं दिवे घेऊन त्यांना धरावयास जातात. त्या दिवसांत मासा पोटांत अंडीं घेऊन चाललेला असतो. पुढें दोन-तीन महिने नदी गढूळ व भरलेली. आश्विन लागला म्हणजे पाणी उतरूं लागतें. खाचरांत आणि ओढ्यांत वाढलेलीं पिल्लें व त्यांचे आईबाप उतरत्या पाण्याबरोबर नदींत परत येतात, आणि जागा कमी झाल्यामुळें डोहांत गोळा होतात. पाणी निवळल्यानें त्यांना आमिष दिसतें. पुरांत वाहून येणारें किडे, गांडुळें यांचें फुकटचें जेवणही आतां बंद झालेलें असतें. अशा वेळीं मासा गळाकडे धांवतो, यांत नवल तें काय?

डोहांतही जागा ओळखावी लागते. खळाळतें पाणी जेथें डोहांत शिरतें त्या तोंडाशीं मासा उभा असतो. कारण पाणी दगडांवर आपटून आपल्याबरोबर हवा घेऊन येतें, आणि खाद्यही तेंच आणतें. तेथें कणकेची घट्ट गोळी किंवा नाकतोडा लावावा. खवल्यांचे मासे लागतात. सायंकाळीं दगडांच्या कपारींपाशीं गांडूळ सोडावें. शिंगटी आणि वाम यांची ती वेळ. शिंगटी काढतांना तिच्या कल्ल्यांजवळचे व पाठीवरचे कांटे सांभाळावे; ते लागले तर हात घटकाभर ठणकतो. मरळ संथ, गवताळ पाण्यांत राहतो. टीचभराहून लहान मासा परत सोडावा, आणि सोडण्यापूर्वीं हात ओला करावा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हा त्याचा अंगरखा आहे. कोरड्या हातानें तो निघून गेला तर मासा पाण्यांत गेल्यावर रोगानें मरतो.

येथपर्यंत सोपें. कठीण प्रश्न पुढेंच आहे : जेथें मासे चांगले तेथें निजावयाचें कीं नाहीं?

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही मुलांना घेऊन अशाच एका नदीच्या कांठीं उतरलों होतों. पात्रालगत सपाट, स्वच्छ वाळू होती. डोह दहा पावलांवर. आकाश निरभ्र. तंबू उभे केले, चुली मांडल्या. सायंकाळीं पूर्वेस घाटमाथ्यावर विजा चमकत होत्या, परंतु त्या इतक्या दूर कीं गडगडाट नीट ऐकूं येईना. मुलांना तर ती आतषबाजीच वाटली. इतक्यांत गुरें घेऊन घराकडे निघालेला एक म्हातारा थांबला. म्हणाला, "मास्तर, रातच्याला हितं निजूं नका. वर लई पडतोय. पानी येल." आम्हीं म्हटलें, "बाबा, येथें तर थेंबही नाहीं." त्यावर तो इतकेंच बोलला, "हितं पडून कुठं येतंय?"

सगळें सामान पुन्हां उचलावयाचें मुलांच्या जिवावर आलें होतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याही. तरी दोन तंबू वरच्या माळावर नेले. तिसऱ्यांत भांडीं होतीं, तो तसाच ठेवला. रात्रीं साडेदहाच्या सुमारास प्रथम वास आला, ओल्या मातीचा व कुजक्या पाल्याचा, मग आवाज. सकाळीं पाहतों तों वाळूही नाहीं, तंबूही नाहीं. एक पातेलें फर्लांगभर खालीं करंजाच्या मुळांत अडकलेलें सांपडलें. त्या तंबूंत भांड्यांऐवजीं सहा मुलें असतीं, हा विचार आजही मनांतून जात नाहीं.

हस्ताचा पाऊस असा असतो. परतीच्या दिवसांत दुपारनंतर घाटमाथ्यावर ढग भरतात, तासा-दोन तासांत धो धो पडून मोकळे होतात. आणि सह्याद्रीचा हा पश्चिम उतार इतका उभा आहे कीं वरचें पाणी थोड्याच वेळांत खालीं पोहोंचतें. खालीं चांदणें पडलेलें असतें आणि लोंढा येतो. म्हणून जागा निवडतांना आकाशाकडे नव्हे, झाडांकडे पाहावें. नदीकांठच्या झाडांच्या फांद्यांना वाळलेलें गवत, काटक्या, चिंध्या अडकलेल्या दिसतात. ती पुराची खूण. त्या खुणेच्या वर निदान एक पुरुषभर उंचीवर तळ असावा. पाणी एकाएकीं गढूळ झालें, किंवा त्यावर पाला-काटक्या वाहूं लागल्या, तर गळ तेथेंच टाकून वर चढावें. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरांत वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्या त्याबरोबर गेल्या. ही नदी काय करूं शकते हें त्यानंतर आम्हां कोंकणच्या लोकांना निराळें सांगावयास नको.

नदीपासून दूर जावें म्हणून डोंगराच्या पायथ्याशीं बिलगावें, तर तेंही धोक्याचें. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. त्याच दिवशीं पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही तसेंच घडलें. तो भर पावसाळा होता हें खरें. परंतु चार महिने पाणी प्यालेली माती आश्विनांत लगेच कोरडी होत नाहीं. उतारावर नवी भेग दिसली, झाडें एका बाजूस कललेलीं दिसलीं, किंवा झऱ्याचें पाणी कारण नसतां तांबडें येऊं लागलें, तर त्या उताराखालीं तंबू ठोकूं नये.

आतां एका अशा डोहाविषयीं, जेथें मासे सर्वांत मोठे आहेत आणि जेथें गळ टाकावयाचा नाहीं. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळण येथें वाळणकोंड म्हणून डोह आहे. तेथें वरदायिनी देवीचें ठाणें आहे, आणि डोहांतले मासे देवीचे, अशी लोकांची भावना. कुरमुरे टाकले कीं हातभर लांबीचे महाशीर मासे पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात. गांवचा कोणीही त्यांना धरीत नाहीं, आणि दुसऱ्या कोणास धरूं देत नाहीं. या माशाला शास्त्रीय नांव दिलें तें विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें, १८३९ सालीं, पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील माशांवरून. आणि त्या नांवांत त्यानें आपल्या लोकांच्या तोंडचें ‘खुद्री’ हें नांवच घातलें. पुढें धरणें, सुरुंग, विष यांमुळें हा मासा अनेक नद्यांतून कमी होत गेला, इतका कीं १९७० नंतरच्या दशकांत लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीला त्याची पैदास हातानें करावी लागली. वाळणच्या लोकांनीं हें काम एकही हौद न बांधतां केलें. अमेरिकेंतील यलोस्टोन हें १८७२ सालीं स्थापन झालेलें उद्यान. तेथें तंबू ठोकण्याच्या जागा आंखून दिलेल्या आहेत, गळ टाकण्यास परवाना लागतो, आणि मूळचे देशी मासे जिवंत परत सोडावे लागतात. तेथें हें काम पहारेकरी करतो. येथें देवीचा धाक करतो. आम्हांस दोन्ही मान्य आहेत. मुलांनीं वाळणला अवश्य जावें, परंतु खिशांत कुरमुरे घेऊन. आणि काठ्या गाडींतच ठेवाव्या, म्हणजे गांवकऱ्यांच्या मनांत उगीच शंका येणार नाहीं.

कायद्याचेंही थोडें. घाटापलीकडे कोयना अभयारण्य आहे. तें १९८५ सालचें. २०१० पासून तें सह्याद्री व्याघ्र प्रकल्पांत मोडतें. शिवसागराचें पाणी कितीही मोहक दिसलें तरी अभयारण्यांत परवानगीवांचून मासे धरतां येत नाहींत. आणि सुरुंग लावून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारणें हा तर १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा आहे, मग नदी कोणाचीही असो.

राहतां राहिले विंचू आणि फुरसें. आश्विनाच्या उन्हांत दोन्ही दगडांखालून बाहेर पडतात. चुलीसाठीं दगड उचलतांना आधीं काठीनें उलटावा. बूट झटकल्यावांचून पायांत घालूं नये. रात्रीं विजेरीवांचून हिंडूं नये. लाल विंचवाच्या दंशानें पूर्वीं या भागांत मुलें पटापट दगावत. १९७६ सालीं बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रुग्णांच्या उशाशीं बसून या विषाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन हें औषध त्यावर लागू पडतें हें दाखवून दिलें. तेव्हांपासून मृत्यू फार कमी झाले. परंतु औषध वेळेवर मिळालें पाहिजे. म्हणून दवाखाना किती अंतरावर आहे हा प्रश्न ‘मासे किती आहेत’ याच्या आधीं विचारावा.

हें सर्व ध्यानांत घेऊन आमचें मत असें झालें आहे. पहिल्या दोन रात्री पोलादपूरच्या वरच्या अंगाला सावित्रीकांठीं, परंतु नदीपासून उंच अशा माळावर, मालकाची व ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन काढाव्या. पोलादपूर हमरस्त्यावर असल्यानें दवाखाना जवळ. गळ टाकावयाचा तो सकाळीं व सूर्यास्तापूर्वीं. दुपारीं घाटावर ढग दिसले तर सायंकाळचा बेत रद्द. तिसरी रात्र कुडपणास, गळावांचून. परततांना वाट वांकडी करून वाळणकोंड. तेल, मीठ, मसाला आणि आमसुलें येथूनच न्यावीं. मासे मिळाले नाहींत तर पिठलें-भात होईल, आणि तसे दिवस येतातच.

संमतिपत्रें पालकांनीं स्वतः भरावीं. मुलाला पोहतां येतें कीं नाहीं, ही ओळ रिकामी ठेवूं नये. ‘थोडें थोडें येतें’ असें उत्तर आल्यास आम्ही तें ‘येत नाहीं’ असेंच धरूं.