वॉट खोक्यावरचे, आवाज घरातला

वसमतसारख्या गावात अँप्लिफायर घेताना ‘आवाज कसा आहे?’ हा प्रश्न नेहमी दुसरा. पहिला प्रश्न, ‘बिघडला तर बघणार कोण?’

साठ-सत्तरच्या दशकात अँप्लिफायर ही घरची वस्तू नव्हतीच. तो मंडपवाल्याकडे किंवा सप्ताहात मंदिरात दिसायचा, बहुतेक वेळा दिल्लीच्या ‘आहुजा’चा. भोंग्यातून कीर्तन चार गल्ल्या पलीकडे पोचलं की झालं. घरी मर्फी नाहीतर फिलिप्सचा रेडिओ. त्याच्या पोटातला अँप्लिफायर कुणी वेगळा मोजला नाही.

ऐंशीच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या, घरोघरी डेक आले आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा भाव वधारला. तोच अँप्लिफायर बांधून द्यायचा. टू-एन-3055 ट्रान्झिस्टर, पुढे एसटीके मालिकेतल्या आयसी, पत्र्याचं कॅबिनेट. सुटे भाग नांदेडला मिळत, नाहीतर हैदराबादेत कोठीच्या गुजराती गल्लीत. ट्रान्सफॉर्मर हातात तोलून माल ओळखायची रीत तेव्हाची, आणि ती अडाणीपणाची मुळीच नव्हती: ठोका पडतो तेव्हा लागणारी वीज शेवटी तिथूनच यायची.

नव्वदनंतर खोक्यांवर ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, आकडे आले आणि सगळ्यांची दिशाभूल झाली. भिंतीतून पन्नास वॉट घेणारं यंत्र हजार वॉट देतं म्हणे! खरा हिशेब आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या वॉटांचा, आणि तोही फसवा वाटावा असा. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. 1978 साली आलेला ‘नॅड 3020’ कागदावर जेमतेम 20 वॉटचा, पण जाणकारांनी तो डोक्यावर घेतला. इकडे पुण्याची ‘केडन्स’ व्हॉल्व्हचे उंची अँप्लिफायर करत होती, हे मराठवाड्यात फार थोड्यांच्या कानावर गेलं.

दरम्यान घरं बदलली. तुळया-किलचनांचं माळवद आणि हातभर जाडीच्या भिंती आवाज विखरून, मुरवून टाकत. स्लॅब पडला, गुळगुळीत फरशी आली आणि खोली घुमू लागली. लोक अँप्लिफायर बदलत राहिले. एक जाड सतरंजी आणि दोन पडद्यांनी जास्त फरक पडला असता. मग भारनियमनाची वर्षं आली. स्वस्त इन्व्हर्टरवर अँप्लिफायर लावला की ट्रान्सफॉर्मर गुणगुणायचा, कारण ती वीज चौकोनी लाटेची. साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतल्यावर ती गुणगुण गेली. ‘क्लास ए’चं कौतुक वाचून कुणी तो मागवायचा विचार केलाच, तर आमचा मे महिना आठवावा. गाणं बंद असतानाही तो शेगडीसारखा तापतो, आणि बाहेर पारा चाळिशीच्या वर.

आता हळदीची पट्टी हातात आली की लाखभराचा अँप्लिफायर घेणारी घरं इथे आहेत. ‘क्लास डी’मुळे तो हलका आणि थंड झाला. पण आतलं बोर्ड इतकं बारीक की गावातला कारागीर झाकण उघडतो आणि परत लावतो. बिघडला की सगळं खोकं ट्रान्सपोर्टने पुण्या-मुंबईला. अशा सौद्यात मी तरी अजून पन्नास-साठ वॉटचा, जड ट्रान्सफॉर्मरचा ‘क्लास एबी’च उचलेन, आणि उरलेले पैसे स्पीकरवर घालेन.