युद्धाचा भार कोणीं वाहिला?

दरवर्षीं १४ एप्रिल उजाडला म्हणजे मुंबईच्या गोदींतील १९४४ च्या स्फोटाचें स्मरण होतें, आणि त्या दिवशीं आगीशीं झुंजतां प्राणांस मुकलेल्या अग्निशामक दलाच्या ६६ जवानांस मानवंदना दिली जाते. ही कृतज्ञता योग्यच होय. परंतु ज्या हातांनीं युद्धाचा दारूगोळा जहाजांतून उतरविला जाई, त्या हातांची आठवण कोण करितो?

रणांगणावरील शिपाई सर्वांस दिसतो. त्याच्या पाठीमागें राबणारा मजूर दिसत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत परळ-लालबागच्या गिरण्या लष्करासाठीं कापड विणीत होत्या व लढाईचें सामान मुंबई बंदरांत उतरत होतें. १९४० च्या मार्चांत गिरणी कामगारांनीं महागाई भत्त्यासाठीं संप केला. पुढें १९४२ त भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घालून संप रोखण्याचा अधिकार सरकारनें आपल्या हातीं घेतला. म्हणजे मजुरावांचून युद्ध चालत नाहीं, हें सरकारनें कायद्यानेंच कबूल केलें! मग अशा माणसाची नोंद तरी नीट ठेविली होती काय?

'फोर्ट स्टिकिन' हें जहाज व्हिक्टोरिया गोदींत लागलें, तेव्हां त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं. कराचीस त्यांत कापसाचे गठ्ठेही भरलेले होते. त्या दुपारीं सुटीनंतर कामावर परतलेल्या मजुरांस धूर दिसला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. मांडवीकडील वखारींची राख झाली. जहाजावर सोन्याच्या १२४ लगडी होत्या. त्यांची संख्या आजही बिनचूक सांगतां येते. मेलेल्या माणसांची संख्या मात्र कोणी सातशें सांगतो, कोणी तेराशें!

यांत नवल नाहीं. गोदींतील पुष्कळसे मजूर रोजंदारीचे, टोळीवाल्यामार्फत लावलेले. भरपाईसाठीं १९४४ तच वटहुकूम निघाला हें खरें. पण वखारवाल्यापाशीं खातेवही असते. कोंकणांतून वा घाटावरून आलेल्या रोजंदाराच्या विधवेनें, आपला पति त्या दिवशीं गोदींत होता, हें कशानें सिद्ध करावें? पुराव्यावांचून हक्क म्हणजे तेलावांचून दिवा!

गोदी कामगारांची रीतसर नोंदणी करण्याचा मार्ग मोकळा करणारा कायदा झाला तो १९४८ त, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षें लोटल्यावर. आजही धोक्याचीं कामें ठेकेदाराच्या माणसांकडून करवून घेतलीं जातात, आणि अपघात झाला म्हणजे 'हा आमचा मनुष्य नव्हे' असें उत्तर मिळतें. आमचें मत स्पष्ट आहे: ज्याचें काम, त्याचाच हजेरीपट. व्यापारी बंधूंनों, आपल्या वखारींत येणाऱ्या मालाची आवक-जावक आपण काटेकोरपणें लिहितां. तो माल उचलणाऱ्याचें नांवही त्याच वहींत लिहा.