जुन्या कागदांतील बिघा व खंडी : जमिनीची प्रत आणि धान्याचें माप

जुना रुमाल सोडला कीं आपण प्रथम शिक्क्याचा कागद शोधतों. सनद, महजर, निवाडपत्र किंवा राजकारणाचें पत्र हातीं लागलें तर तें जपून ठेवितों. लावणीचे खर्डे, प्रतबंदीचे कागद व धान्याच्या जमाखर्चाच्या फर्दा मात्र बाजूस पडतात. वस्तुतः गांव काय पिकवीत होता व काय खात होता, हें सांगणारा दुसरा पुरावा आपणांजवळ फारसा नाहीं. हे कागद वाचतांनाहि एक चूक वारंवार होते. बिघा म्हणजे ठराविक क्षेत्र व खंडी म्हणजे ठराविक वजन असें धरून आंकडे आजच्या मापांत उतरविले जातात. स्थळ, जमिनीची प्रत व चालू माप हीं कळल्यावांचून ह्या दोन शब्दांचा अर्थ ठरत नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. जमिनीचे प्रकार. वस्तीची जागा ती पांढरी व लागवडीची ती काळी. येथें काळी हा केवळ मातीच्या रंगाचा निर्देश नव्हे; बरड व मुरमाड शेतेंहि काळींतच मोडतात. पावसावर पिकणारी ती जिराईत व पाणी देऊन पिकविलेली ती बागाईत. बागाइताचे पुन्हां दोन भेद : नदीच्या पाटाखालील तें पाटस्थळ व विहिरीवर मोट चालवून भिजविलेलें तें मोटस्थळ. मोटेस बैल व माणूस लागतो, पाटास बंधारा व पाण्याच्या पाळ्या लागतात. म्हणून दोहोंचा आकार वेगळा. खानदेश-बागलाणांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर बंधारे घालून पाट काढीत व भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडून एका फडांत एकच पीक घेत. तेथील एका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली दिसली, तर ती वांटणीचीच खूण समजूं नये; ती पाण्याच्या व्यवस्थेची खूण असूं शकते.

ह्या भेदांचें मूळ देशाच्या रचनेंत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षांत दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस फलटणाकडे उतरावें तों तो वीस इंचांच्या आसपास येतो. म्हणून कोंकण व मावळांत खाचरांतून भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनींत नाचणी, वरी. देशावर हलक्या जमिनींत खरिपाची बाजरी व खोल काळ्या जमिनींत रबीची जोंधळ्याची पेर. काळी माती पावसाळ्याच्या अखेरचें पाणी धरून ठेविते, तेवढ्या ओलीवर थंडींतील पीक निघतें. हलकी जमीन पाणी सोडून देते, म्हणून तेथें पावसाळ्याचेंच पीक साधतें. सारांश, खरीप व रबी हे शब्द केवळ हंगाम सांगत नाहींत, बहुधा मातीहि सांगतात.

२. बिघा. सभासद बखरींत पांच हात व पांच मुठींची काठी सांगितली आहे. हात चौदा तसूंचा, हात व मूठ मिळून काठी ब्यायशी तसूंची. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. म्हणजे बिघा ४०० चौरस काठ्यांचा. काठी दशांशानें लांब असली, तर बिघा पंचमांशाहून अधिक मोठा होतो. म्हणून काठी कोणती होती हें कळेपर्यंत बिघ्याचे एकर करणें धाडसाचें होय.

क्षेत्र बरोबर निघालें तरी काम पुरें होत नाहीं. पाहणी करून अव्वल, दूम, सीम अशा प्रती ठरवीत व त्यांवर आकार बसवीत. अव्वल खाचराचा बिघा व वरकसाचा बिघा हे अन्नाच्या दृष्टीनें समान नव्हेत. वरकस जमीन कांहीं वर्षें पिकवून पुढें कांहीं वर्षें पडीत ठेवावी लागे. तेव्हां कागदावरील सर्व बिघे एका सालीं पेरले होते असें मानतां येत नाहीं.

३. खंडी. धान्य कैली, म्हणजे मापानें मोजीत. वजन हें वेगळें. सामान्य कोष्टक असें : ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण, २० मणांची खंडी. परंतु कित्येक ठिकाणीं मण १६ पायल्यांचा चाले. पहिल्या मापानें खंडी २४० पायल्यांची व दुसऱ्यानें ३२० पायल्यांची. बारा पायल्यांच्या मणाचें तें बारुले माप. हा एक शब्द वाचावयाचा राहिला तर हिशेबांत एकतृतीयांशाचा फरक पडतो. त्याचप्रमाणें नोंद भाताची कीं तांदळाची हें पाहिलें पाहिजे. कांडल्यावर भात मापानें सुमारें निम्मा उरतो.

४. आकार व पीक. सभासदाच्या मतें पिकाचे पांच तक्षिमे करून तीन रयतेस व दोन दिवाणांत असा नियम होता. त्यावरून १६ खंडी वसूल म्हणजे ४० खंडी पीक असा हिशेब करण्याचा मोह होतो. परंतु तनखा ही पूर्वीपासून चालत आलेली ठराविक आकारणी व कमाल ही पेशवाईंतील वरची आकारणी. त्या सालचें प्रत्यक्ष पीक दोहोंतहि नाहीं. ओसाड जमिनीस कौल देऊन इस्ताव्यानें सारा वर्षानुवर्ष चढवीत. अशा गांवीं वसूल वाढला म्हणजे उत्पन्न तेवढ्याच प्रमाणांत वाढलें असें नव्हे. कौलाची मुदत पुढें सरकली इतकेंच कदाचित् असेल.

५. इंग्रजी पाहणी. १८१८ नंतर पुणें प्रांतीं प्रिंगल यानें लागवडीचा खर्च वजा जातां उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर आकारणी बसवून पाहिली. ती टिकली नाहीं. पुढें १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुराकडे नवी पद्धति घातली. तींत मातीची खोली, पोत व दोष पाहून प्रतीचे आणे ठरवीत, आणि मोजणी एकर-गुंठ्यांत होई. ३३ फूट औरसचौरस तो गुंठा, असे ४० गुंठे एकरांत. क्षेत्र व प्रत हीं दोन निराळीं झालीं तीं येथें. आज सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरांत असतें. तरी जिराईत, बागाईत, वरकस व पोटखराबा हे शब्द त्यावर अद्याप आहेत. जुन्या खर्ड्याची भाषा सर्वस्वीं मेलेली नाहीं.

सबब संग्राहकांस विनंती अशी कीं, शिक्क्याचा कागद काढून घेऊन बाकीचा रुमाल फोडूं नये. खंडीचें माप एका फर्देंत, जमिनीची प्रत दुसरींत व कौलाचें साल तिसरींत असतें. तीं एकत्र राहिलीं तरच गांवास त्या सालीं अन्न पुरलें कीं नाहीं हें सांगतां येईल. नकल करतांना बिघे व खंड्या मूळचेच ठेवावे, आपला हिशेब समासांत वेगळा लिहावा. आंकडा चुकला तर पुढील अभ्यासक सुधारील; पण मूळ माप पुसलें गेलें तर तें पुन्हां सांगणारा कोणी नाहीं.