जुन्नरहून सगळ्यात जवळचं बेट कुठलं? (उत्तर ऐकून हसू नका)

आपल्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. घाटात रेंज गेली म्हणून ज्यांचं अर्धं ऐकायचं राहिलं, त्यांच्यासाठी खास.

बेटावर फिरायला जायचं म्हटलं की आपण लगेच अंदमान, बाली, मालदीव सर्च करतो. विमानाचं तिकीट बघतो आणि गपचूप फोन बाजूला ठेवतो. पण समुद्रकिनारे, दाट जंगल, कोळ्यांची गावं आणि वर बिबटे, हे सगळं एकाच जागी असलेलं एक बेट जुन्नर स्टँडपासून एसटी आणि लोकलने चार-पाच तासांवर आहे. गंमत म्हणजे जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या घरांचे काका, मामा, आत्या तिथंच राहतात. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, अंधेरी. डबेवाले तर पिढ्यानपिढ्या आपल्या पट्ट्यातले. आणि त्यांतल्या कुणाला विचारलं, "काय हो, बेटावर राहता का?" तर ते आपल्याकडे वेड्यासारखं बघतील.

या बेटाचं नाव साष्टी. सहासष्ट गावांचं बेट म्हणून साष्टी, असं सांगतात. पोर्तुगीज त्याला साल्सेत म्हणायचे. शाळेत आपण 'मुंबईची सात बेटं' पाठ करतो ना, ती दक्षिणेकडची, कुलाबा ते माहीम. साष्टी त्यांच्या उत्तरेला, आणि त्या सातांपेक्षा कितीतरी मोठं. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि मिठी नदी. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत सगळं यात येतं. 1845 मध्ये माहीमचा बांध रस्ता झाला. त्याआधी वांद्र्याहून माहीमला जायला होडी लागायची. नंतर पूल झाले, भराव पडले आणि आपण बेटावर आहोत हे लोकांच्या लक्षातच राहिलं नाही.

पण ते अजून दिसतं. कल्याणहून ठाण्याला जाताना कळवा सुटलं की मोबाईल खाली ठेवा आणि खिडकीबाहेर बघा. रुळांखाली पाणी, दोन्ही बाजूंना खारफुटी. तीच ठाण्याची खाडी. पूल संपला की तुम्ही बेटावर चढलात. रोज लाखो लोक हे करतात, झोपेत.

आता आपल्या भागाचा संबंध. तो काका-मामांच्या फार आधीचा आहे, दोन हजार वर्षांचा. नाणेघाट आपण पावसाळ्यात रील काढायला बघतो, पण तो होता बंदराचा रस्ता. जुन्नरच्या बाजारातून माल घाट उतरून कल्याणला जायचा, तिथून खाडीने समुद्राकडे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, आणि तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख. याच पैशावर जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणी खोदली गेली. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी, सगळी मिळून शंभरच्या कितीतरी वर. इथल्या शिलालेखांत दान देणारे 'यवन' म्हणजे परदेशी लोक आहेत, आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या, कांस्यकारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचेही उल्लेख आहेत. सोप्या भाषेत, पतसंस्था.

या रस्त्याच्या खालच्या टोकाला, बेटाच्या बरोबर मध्यभागी, कान्हेरी. शंभराहून जास्त लेणी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात. तिथल्या लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक इथले दाते भेटतात. मोठ्या चैत्यगृहाच्या लेखात यज्ञश्री सातकर्णीचं नाव येतं, म्हणजे पुन्हा सातवाहनच. लेण्याद्री पाहिलेल्या माणसाला कान्हेरीत परकं वाटत नाही. खांब ओळखीचे, ओटे ओळखीचे. पण एक गोष्ट मुद्दाम बघा. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दारात पाण्याचं टाकं आहे, आणि खडकात खोदलेल्या बारीक पन्हळी पावसाचं पाणी त्यात आणून सोडतात. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, हा हिशेब त्या भिक्खूंना नीट कळला होता. आपल्या टँकरवाल्या वाड्यांना तो समजावून सांगायची गरज नाही.

आणि बिबट्या. हा विषय आपल्याकडे चेष्टेचा नाही. ऊसतोडीच्या दिवसांत संध्याकाळी पोराला एकटं बाहेर सोडायचं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. 2001 ते 2003 या काळात जुन्नर परिसरात माणसांवरचे हल्ले वाढले होते. बिबटे पकडायचे आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडायचे, असा उपाय तेव्हा चालला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून उलटंच दिसलं. जिथं सोडले तिथं हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या तिथं गुमान बसून राहत नाही.

2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला काढलं, गळ्यात जीपीएस पट्टा बांधला, 'आजोबा' असं नाव ठेवलं आणि माळशेज घाटात सोडलं. आजोबा निघाले. घाट उतरले, रेल्वे लाईन ओलांडली, मुंबई-आग्रा हायवे ओलांडला, वसईच्या कारखान्यांजवळून गेले, खाडी पार केली आणि राष्ट्रीय उद्यानात पोचले. सुमारे 120 किलोमीटर, आणि वाटेत एकाही माणसाला ओरखडा नाही. म्हणजे आपल्या घाटातून एक प्राणी बेटावर गेला, आणि त्याला कळव्याचा पूलही लागला नाही. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला. त्याच्यावर सिनेमा आला, 2014 मध्ये, 'आजोबा' नावाचाच. पण खरी गोष्ट जास्त भारी आहे.

त्या उद्यानाचा पसारा आहे शंभरेक चौरस किलोमीटर, आणि आत पन्नासच्या आसपास बिबटे. भोवती इमारती, आत वारली आणि इतर आदिवासींचे पाडे. बिबट्याशेजारी कसं राहायचं हे जगात कुणाला विचारायचं असेल, तर दोनच पत्ते आहेत असं मला वाटतं. एक तिथले पाडे, दुसरा आपल्याकडचे मळे.

आता किनारा. जुहू चौपाटी बघितली म्हणजे बेट बघितलं असं नाही. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, उत्तन ही खरी मासेमारीची गावं. वर्सोव्याहून मढला फेरीबोट जाते, मार्व्याहून मनोरीला. तिकीट वडापावच्या हिशेबातलं. गोराई-उत्तनची पट्टी पूर्वी वेगळंच बेट धरलं जायचं, त्याचं नाव धारावी. तुम्हाला माहीत असलेली धारावी वेगळी बरं का!

पावसाळा सरला की या गावांत बांबूच्या उंच वलांड्यांवर बोंबील सुकत घातलेले दिसतात, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. वास येतो. नाक दाबून फोटो काढू नका, समोर बसलेली मावशी बघत असते. आपल्या आठवडे बाजारात जे बोंबील, सुकट आणि वाकट मिळतं, ते अशाच किनाऱ्यांवरून घाट चढून येतं. पूर्वी मिठागरांतलं मीठही बैलांच्या पाठीवरून असंच वर यायचं.

इथं एक घोळ नेहमी होतो. आपल्या डोंगरातले महादेव कोळी आणि किनाऱ्यावरचे सोनकोळी, नावात दोघांच्या कोळी. पण समाज वेगळे, धंदा वेगळा, सरकारी यादीतली जागाही वेगळी. एकाचा जीव हिरड्यात आणि भातखाचरात, दुसऱ्याचा होडीत. "अरे, तुम्ही पण कोळी का?" असं विचारून चूक करू नका. पण एक दुखणं दोघांचं सारखं आहे, ते म्हणजे जागेचं. कोळीवाड्यांचं सीमांकन करा, ही मागणी मुंबईत कित्येक वर्षं चालू आहे. ज्या अंगणात जाळी विणायची, मासे सुकवायचे, ते कागदावर मोकळी जागा दिसतं. मोकळी जागा दिसली की कुणीतरी नकाशा काढतोच. आता वर्सोव्याहून उत्तरेला भाईंदरपर्यंत किनारी रस्ता आखलाय, तो खारफुटीतून आणि खाड्यांवरून जाणार. उद्यानाच्या पोटातून ठाणे-बोरिवली जोडबोगदा होतोय. यातलं काय गरजेचं आणि काय नाही, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला खारफुटी तोडणं पटत नाही. भरतीचं पाणी अडवणारी ती भिंत आहे, आणि माशांची पिल्लं तिच्या मुळांत वाढतात. ती गेली की आधी होडीवाल्याचं जाळं रिकामं येणार.

हे सगळं आपल्याला का सांगायचं? 2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. नाणेघाटात रविवारी गाड्यांची रांग आपण बघतोच. पाहुणे आल्यावर गावाचं काय होतं, हे बेटावरच्या लोकांनी आपल्या खूप आधी भोगलंय. म्हणून तिकडं गेलात तर दोन माणसांशी बोला. बोट कुणाची, पार्किंगचे पैसे कुणाला जातात, रिसॉर्टची जमीन आधी कुणाची होती, एवढं विचारा. उत्तरं ऐकून घाटघर आठवेल.

थोडं कामाचं. उद्यान आणि कान्हेरी सोमवारी बंद. बोरिवली पूर्वेहून गेट जवळ, तिथून लेणी बरीच आत, तेव्हा सकाळी लवकर पोचा. अक्सा बीचवर पाण्यात शिरू नका. तिथली ओढ फसवी आहे आणि दरवर्षी पोरं बुडतात. विहिरीत पोहता येतं म्हणजे समुद्रात येतं असं नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, ब्लू बॉटल असते, जबरी डंख मारते. फ्लेमिंगो बघायचे असतील तर हिवाळा ते मे, ठाण्याच्या खाडीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी कोळीवाड्यात जाऊन उपयोग नाही.

आणि येताना सुके बोंबील घेतलेत तर पिशवीवर पिशवी घालून गाठ घट्ट मारा. कल्याण ते जुन्नर एसटीचा प्रवास लांबचा आहे, आणि मागच्या सीटवर माळकरी आजी बसलेली असू शकते.